गच्चीवरची आणि बाल्कनीतली बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक इथल्या गच्च्या आणि बाल्कन्यांमधले आहेत. कोकणात किंवा विदर्भात गणित बदलतं तिथे तसं लिहिलं आहे. लोक विचारतात ते साधारण "कुठलं औषध मारू?" असं, आणि बऱ्याचदा औषधाची गरजच नसते. झाड चुकीच्या महिन्यात लावलेलं असतं, ऊन कमी पडत असतं किंवा पाणी जास्त होत असतं. म्हणून सुरुवात उन्हापासून.

जागा, ऊन, माती

प्रश्न: माझ्या बाल्कनीत भाजी येईल का?

आधी ऊन मोजा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी अशा फळभाज्यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालक, मेथी, माठ, पुदिना तीन-चार तासांत भागवतात. मोजायचं ते आजचं नाही, ज्या महिन्यात पीक उभं असेल त्या महिन्यातलं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

आपल्याकडे सूर्य वर्षभर दक्षिणेकडूनच जातो असं नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच सूर्य पुण्यात दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर, दक्षिणेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या बाल्कनीत मे महिन्यात वरच्या स्लॅबची सावली पडते, आणि डिसेंबरात ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. अशा बाल्कनीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरा. टोमॅटो, मिरची, झेंडू, पिटुनिया सगळं होईल. उत्तरेच्या बाल्कनीला ऊन मिळतं ते नेमकं मे-जूनमध्ये, तेही सकाळ-संध्याकाळचं तिरकं, आणि मग पावसाळी ढग येतात. तिथे फळभाजीचा हट्ट धरू नये. अळू, पुदिना, गवती चहा, विड्याचं पान हे तिथले खरे रहिवासी.

पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सुखाची. पश्चिमेची चालते, फक्त मार्चअखेरपासून ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधावी लागते.

प्रश्न: गच्चीवर विटांचा वाफा करून फूटभर माती भरली तर चालेल का?

इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून हो म्हटल्याशिवाय नाही. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार साधारण दर चौरस मीटरला १५० किलो आहे. एक चौरस मीटर जागेवर फूटभर ओली माती भरली की तिचं वजन पावणेपाचशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिपटीहून जास्त. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. पावसाळ्यात ती ओलीच असणार.

मातीचा हट्ट सोडला की प्रश्न सुटतो. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं आणि अगदी थोडी माती वापरून गच्चीवर भाज्या घ्यायची पद्धत पुष्कळांना शिकवली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटानेही पालापाचोळ्यातून माती घडवण्यावर भर दिला. तळाला चिपाडं किंवा नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला आणि कंपोस्ट, सगळ्यात वर दोन-तीन इंच माती, असं भरलेलं क्रेट एक माणूस उचलू शकतो. रसवंतीवाल्याकडे चिपाडं फुकट मिळतात, फक्त मुंग्या जाईपर्यंत ती उन्हात पसरून ठेवा. कुंड्या तुळई आणि खांबांच्या रेषेवर, भिंतीच्या कडेला ठेवा, आणि खाली विटा द्या म्हणजे पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही.

प्रश्न: कुंडीत माती कुठली भरू?

नुसती काळी माती नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. नर्सरीतली लाल माती, चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि भिजवून पिळलेलं कोकोपीट समप्रमाणात घ्या, बारा इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड घाला. जुनी माती टाकून देऊ नका. एप्रिल-मेमध्ये ती ओलसर करून गच्चीवर पसरा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि महिना-सव्वा महिना तशीच तापू द्या. बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आणि तणाचं बी बरंच मरतं. मग कंपोस्ट मिसळून पुन्हा वापरा.

प्रश्न: कंपोस्टच्या डब्यात करड्या-पांढऱ्या जाड अळ्या वळवळताहेत. सगळं फेकून देऊ?

थांबा. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. ओला कचरा त्या झपाट्याने संपवतात, झाडाला काही करत नाहीत, आणि ही माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. त्या दिसल्या याचा अर्थ डबा जास्त ओला झाला आहे. वाळका पाला किंवा कोकोपीट घाला. वासालाही हेच औषध.

कुंडीच्या मातीत सापडणारी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तांबूस डोक्याची पांढरी अळी मात्र हुमणी. ती मुळं खाते. ती वेचून काढायची.

प्रश्न: काय कधी लावायचं? एकदाच सांगा.

पाकिटावर "वर्षभर" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. जुन्या लोकांचा नक्षत्रांचा हिशेब कुंडीलाही चालतो. रोहिणी, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा, ही तयारीची वेळ. मृग लागला आणि एक-दोन चांगले पाऊस झाले की दुधी, दोडका, काकडी, कारलं, भेंडी, गवार, चवळी थेट कुंडीत पेरा. वांगी-मिरचीची रोपं लावा. कोकणात जूनचा पाऊस बी वाहून नेतो, त्यामुळे तिथे वेलांची रोपं रोहिणीतच आडोशाला पिशव्यांत करून घेतात.

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरभर टोमॅटो, कोबी, फुलकोबीचं बी ट्रेमध्ये टाका. हस्ताचा पाऊस सरला की वर्षातला सगळ्यात गोड काळ सुरू होतो: पालक, मेथी, मुळा, गाजर, वाटाणा, घेवडा, आणि डायंथस, फ्लॉक्स, पिटुनिया, नॅस्टर्शियम ही मोसमी फुलं. वाटाण्याला नाशिक-नागपूरची थंडी भावते. मुंबईत तो जेमतेम.

संक्रांतीनंतर, थंडी ओसरली की उन्हाळी भेंडी, काकडी, गवार. एप्रिल-मेमध्ये नवं काही सुरू करू नये असं माझं मत. चवळी, लाल माठ, घोळ तग धरतात, तेवढ्यावर समाधान मानावं. विदर्भात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे तर जे आहे ते जगवणं हेच काम.

पावसाळा

प्रश्न: बी छान उगवतं, पण चार-पाच दिवसांत रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात.

मर रोग. मातीतली बुरशी आणि साचलेलं पाणी यांचं काम. बियांचा ट्रे थेट पावसात ठेवू नका, बी दाट पेरू नका, आणि रोपांच्या मिश्रणात कच्चं शेण घालू नका. पेरण्याआधी कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून दोन दिवस ओलसर ठेवलं तर फरक पडतो. कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही. बी पुन्हा पेरा.

प्रश्न: दुधीला फुलं भरपूर, फळ एकही नाही. किंवा बोटाएवढं फळ धरतं आणि पिवळं पडून गळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. वेलवर्गीय भाज्यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. सुरुवातीला बहुतेक नरच येतात, त्यांची देठं लांब आणि बारीक. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासूनच असतं. तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे नुसती फुलं गळताना दिसली तर घाबरू नका. वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं बहुतेक त्यांवर येतात.

बोटाएवढं फळ पिवळं पडतं तेव्हा परागीभवन झालेलं नसतं. आठव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, आणि आली तरी वेळ जुळायला हवी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री पतंग त्याच्याकडे येतात. दोडकाही संध्याकाळीच. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं मात्र सकाळी उमलतात. म्हणून दुधीला सकाळी आठ वाजता ब्रश घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. चार दिवसांत फळ खाली झुकून फुगायला लागलं की जमलं.

कारल्याची, दोडक्याची फळं वाकडी होऊन आतून सडत असतील तर ती फळमाशी. फळ धरल्याबरोबर त्याला कागदी किंवा जुन्या साडीची पिशवी बांधा. क्यू ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला टांगा, वेलाजवळ नको. किडलेली फळं कंपोस्टमध्ये टाकू नका.

एक महत्त्वाचं: घरचा दुधी शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधीने, विशेषतः त्याच्या रसाने, माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. "कष्टाने वाढवलाय" म्हणून भाजीत साखर घालून खपवायची ही वस्तू नाही.

प्रश्न: भेंडीची पानं पिवळी आणि शिरा अधिकच पिवळ्या. खत कमी पडतंय का?

शिरांचं जाळं पिवळं दिसत असेल तर तो केवडा, म्हणजे हळद्या रोग. विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. खताने तो बरा होत नाही, औषधानेही नाही. ते झाड उपटा, बाकीच्यांवर संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा आणि पिवळे चिकट सापळे लावा. पुढच्या वेळी वाण पाहून बी घ्या: परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी क्रांती, बंगळुरूचा अर्का अनामिका हे केवड्याला बऱ्यापैकी तोंड देतात. भेंडीचं रोप उपटून लावू नये, बी जागेवरच टोकावं.

निंबोळी अर्काचं प्रमाण: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून चिमूटभर साबण. उन्हात त्याचा असर लवकर जातो, म्हणून फवारणी संध्याकाळी.

प्रश्न: रात्रीत रोपं फस्त होतात, सकाळी चकाकणारे पट्टे दिसतात.

गोगलगायी. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांमध्ये टाकून ठेवा, त्याखाली त्या जमतात. सकाळी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगावर परजीवी असू शकतात. मीठ थेट कुंडीत टाकलं तर गोगलगायीबरोबर झाडही जाईल.

प्रश्न: ताटलीत पाणी साचतं, सोसायटीकडून सूचना आली आहे.

सूचना बरोबर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा.

हिवाळा

प्रश्न: टोमॅटोचं झाड माझ्या खांद्याला लागतंय, फुलंही येतात, पण गळून जातात.

दोन शक्यता. पहिली म्हणजे महिना चुकला. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २२-२३ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोची फुलं धरत नाहीत. मार्चमध्ये लावलेलं रोप एप्रिल-मेमध्ये फुलतं आणि सगळी फुलं झडतात. झाड निरोगी असतं, त्यामुळे माणूस औषधं शोधत बसतो. मुंबईत पावसाळ्यानंतरही बराच काळ रात्री उबदार राहतात, तिथे डिसेंबर-जानेवारी हाच फळ धरण्याचा खरा काळ. त्यासाठी बी सप्टेंबरात पडायला हवं.

दुसरी शक्यता लाड. दर आठवड्याला शेणाचं पाणी, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रवखत), वर युरियाची चिमूट. मग पानंच पानं. फुलं लागायच्या सुमाराला नत्राचं खत थांबवा, मूठभर राख किंवा केळीच्या सालींचं कंपोस्ट द्या, आणि फुलांचा घोस सकाळी दहाच्या सुमारास बोटाने टिचकी मारून हलवा. टोमॅटोचं फूल स्वतःचाच पराग घेतं, त्याला फक्त हलायला हवं असतं. बंद बाल्कनीत वारा नसतो.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही, आणि ते बहुतेक वेळा मातीत कमी असल्यामुळे नव्हे, पाणी कधी भरपूर कधी शून्य दिल्यामुळे. पाणी रोज ठरावीक द्या, मातीवर पाल्याचं आच्छादन घाला. अंड्याची टरफलं पुरून लगेच काही होत नाही, ती विरघळायला खूप वेळ लागतो. टाका, पण त्यांच्यावर विसंबू नका.

कुंडी बारा इंचांहून लहान नको. एका कुंडीत एकच रोप. ही सूचना कोणीच पाळत नाही.

प्रश्न: मिरचीची पानं आक्रसून होडीसारखी होतात.

चुरडा-मुरडा, काही ठिकाणी बोकड्या म्हणतात. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांतला रस शोषणारी बारीक कीड). दोन्ही डोळ्यांना धड दिसत नाहीत. आक्रसलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका, पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा निंबोळी अर्क. लवकर लक्षात आलं तर झाड सावरतं. सगळे शेंडे गोळा होऊन झाड खुजं राहिलं असेल तर विषाणू शिरला आहे, त्याचा नाद सोडा.

प्रश्न: कोथिंबीर उगवतच नाही. उगवली तर लगेच फुलावर येते.

धणे अख्खे पेरू नका, लाटण्याने हलके रगडून दोन डाळी करा, रात्रभर भिजवा. तरीही आठ ते पंधरा दिवस लागतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते म्हणून कोथिंबिरीची माती उकरून पाहायची गरज नाही. स्वयंपाकघरातले धणे चालतात, फार जुने नसले तर. फुलावर येणं हे उष्णतेमुळे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत राहा. उन्हाळ्यात जाळीखाली येते, पण बाजारातली जुडी परवडते.

प्रश्न: मुंबईत फुलकोबीचा गड्डा लिंबाएवढाच राहतो.

थंडी कमी, कुंडी लहान, किंवा रोप नर्सरीच्या ट्रेमध्ये फार दिवस राहिलेलं. पुसा कातकी, पुसा दीपाली असे लवकरचे वाण घ्या. खरं सांगायचं तर मुंबईच्या बाल्कनीत एका फुलकोबीला तीन महिने जागा देण्यापेक्षा तेवढ्यात तीन वेळा पालक घ्यावा.

फुलझाडं

प्रश्न: दसऱ्याला घरचा झेंडू हवा. कधी पेरू? गेल्या वर्षीच्या तोरणातली फुलं चालतील?

बी पेरल्यापासून फूल यायला दोन ते अडीच महिने धरा. दसरा तिथीप्रमाणे मागेपुढे होतो, त्यामुळे कॅलेंडर काढा आणि उलट मोजा. साधारण जुलैचा शेवट ते ऑगस्टचा पहिला आठवडा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेंडा खुडला तर फांद्या वाढतात आणि फुलंही, फक्त आठ-दहा दिवस उशीर होतो, तो हिशेबात धरा.

तोरणातल्या वाळलेल्या फुलांचं बी नक्की उगवतं. पण बाजारातला टपोरा झेंडू संकरित असतो, त्याची पुढची पिढी आईसारखी निघेल याची खात्री नाही. काही झाडांना गोंड्यासारखी फुलं येतील, काहींना एकपदरी. तोरणाला दोन्ही चालतात.

प्रश्न: शेवंती दिवाळी झाली तरी कळीवर येत नाही.

रात्री कुंडीवर ट्यूबलाइट किंवा रस्त्यावरचा दिवा पडतो का ते पाहा. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कळ्या धरते. रात्रभर उजेड असला की तिच्या लेखी रात्र होतच नाही. लालपत्तीचंही तसंच. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा, इतकं पुरतं. ऑगस्टच्या मध्यानंतर शेंडे खुडणंही बंद करा. बहर संपला की झाड तीन-चार इंचांवर छाटा; बुंध्याशी मुनवे फुटतात, ते वेगळे करून उन्हाळाभर अर्धसावलीत सांभाळले की पुढच्या वर्षीची रोपं तयार.

प्रश्न: मोगऱ्याला पानंच पानं. कळीचा पत्ता नाही.

डिसेंबरात त्याला थोडा उपाशी ठेवलात का? मोगऱ्याला विश्रांती लागते. नोव्हेंबरअखेरपासून पाणी कमी करत आणा, डिसेंबरात पंधरा-वीस दिवस अगदी जेमतेम द्या, पानं गळू लागली की फांद्या निम्म्यावर छाटा आणि उरलेली पानं हाताने काढून टाका. बघवत नाही, पण करा. जानेवारीच्या शेवटी वरची माती खुरपून शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. नव्या फुटीवरच कळ्या येतात, मार्चपासून. प्रत्येक बहरानंतर फुललेली टोकं दोन पानांनिशी खुडत राहा म्हणजे पुढचा बहर येतो. कळ्या न उमलताच जांभळट होऊन वाळत असतील तर आत अळी आहे. त्या वेचून नष्ट करा. आणि मोगऱ्याला पाच तासांहून कमी ऊन असेल तर वर लिहिलेलं काहीही करून उपयोग नाही.

प्रश्न: गुलाबाची छाटणी कधी?

पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात. छाटल्यापासून साधारण दीड महिना ते पन्नास दिवसांत फूल येतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात गुलाब मांडणारे लोक हाच हिशेब उलटा मोजून छाटणी करतात. धारदार कात्रीने, डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या आणि त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर फांदी शेंड्यापासून काळी पडत खाली येते. कलमाच्या जोडाखालून फुटलेला जोमदार धुमारा पाहून खूश होऊ नका. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रानटी झाडावर कलम बांधलं त्याचा आहे, त्याला तुमच्या गुलाबाचं फूल येणार नाही. मुळाशी काढून टाका.

प्रश्न: जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी, आणि कळ्या गळतात.

पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या पाहा. ढेकणाच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्यांना राखतात, एका फांदीवरून दुसरीकडे नेतात. मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय काही केलं तरी आठवड्यात परत. फांदी कुंपणाला, भिंतीला टेकत असेल तर सोडवा, कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा (परातीतलं पाणी रोज बदला). मग जोरदार पाण्याने धुवा, पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण एक लिटर पाण्यात घालून फवारा.

फवारण्याआधी नीट बघा. अंगावर मेणाचे लांब धागे असलेली, चपळ चालणारी अळी दिसली तर ती ढेकूण खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची असू शकते. ढेकूण सुस्त असतो, ही भराभरा चालते. तिला राहू द्या.

प्रश्न: तुळस दर हिवाळ्यात वाळते. काही अशुभ आहे का?

नाही. मंजिऱ्या आल्या, बी झालं की तुळशीचं काम संपतं, आणि आपण मंजिऱ्या पूजेसाठी म्हणून ठेवतो. त्या वेळेवर खुडल्या तर झाड दोन-तीन वर्षं चांगलं राहतं. दुसरं कारण रोजचं तांब्याभर पाणी. थंडीत झाडाला तेवढं लागत नाही आणि कित्येक वृंदावनांना तळाला भोकच नसतं. पूजेचं पाणी चमचाभर घाला, भाव तेवढाच पोचतो. मंजिऱ्यांचं बी पावसाळ्याच्या तोंडावर टाकून दोन-चार रोपं हाताशी ठेवावीत.

उरलेले प्रश्न

प्रश्न: कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या अळ्या आहेत.

त्या फुलपाखरांच्या. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, आणि लाइम, कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं त्यांवर अंडी घालतात. ब्लू मॉर्मन, जे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, तेही याच गोतावळ्यातलं आणि लिंबूवर्गीय झाडांवर वाढतं. मोठ्या झाडाला त्या चार पानांनी काही होत नाही. रोप वीतभर असेल तर अळ्या उचलून मोठ्या लिंबावर सोडा. थंडीत कढीपत्ता वाढत नाही म्हणून ताक ओतत बसू नका. फेब्रुवारीत शेंडे छाटा, आपोआप फुटतो.

प्रश्न: अमेरिकेत राहतो. येताना कढीपत्त्याचं रोप आणता येईल?

आणू नका. लिंबूवर्गीय झाडांच्या घातक रोगाचा प्रसार करणारा किडा कढीपत्त्यावर वाढतो, म्हणून तिथे या झाडाच्या ने-आणीवर कडक निर्बंध आहेत, राज्याराज्यांतही. स्थानिक परवानाधारक नर्सरीतून घ्या. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी ते मेअखेर बाहेर आणि थंडी पडायच्या आत घरात, दक्षिणेच्या खिडकीशी. अळूचे कंद काढून कोरड्या कोकोपीटमध्ये घरात ठेवा, वसंतात पुन्हा लावा.

प्रश्न: घरचं बी ठेवता येतं का?

वाण संकरित नसेल तर जरूर. टोमॅटो, घेवडा, चवळी, वाल सोपे, कारण ते बहुतेक स्वपरागीत असतात. दुधी-भोपळ्याचं बी शेजारच्या वेलाशी संकर होऊन बदलू शकतं. मादी फूल उमलण्याआधी पिशवी बांधून हाताने पराग दिला तरच खात्री. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची अशीच जपणूक केली, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. बी पूर्ण पिकू द्या, सावलीत वाळवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवा आणि वर महिना-वर्ष लिहा. न लिहिलेली बरणी पुढच्या मृगाला कोडं होऊन बसते.

प्रश्न: कबुतरं रोपं उपटतात.

जाळी. चमकत्या सीडी, प्लास्टिकचं घुबड, यांची भीती आठवडाभर टिकते.

प्रश्न: मेमध्ये आठ दिवस गावी जायचंय. बागेचं काय?

शेजारी चांगले असतील तर किल्ली द्या, दुसरं सगळं त्याच्या खालोखाल. ते शक्य नसेल तर सगळ्या कुंड्या उन्हातून काढून भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. मोठ्या कुंड्यांत झिलई नसलेलं छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरून वर झाकण ठेवा. ते झिरपत राहतं. लहान कुंड्यांना सुती दोरीची वात, एक टोक झाकलेल्या बादलीत, एक मातीत खोल. जायच्या दोन दिवस आधी करून पाहा, कारण नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. वर वाळक्या पाल्याचा तीन बोटं थर, फुलं आणि कोवळी फळं खुडलेली. पालक, कोथिंबीर असेल तर कापून खाऊन टाका, ती तशीही राहणार नाही. परत आल्यावर कुंड्या लगेच उन्हात हलवू नका. आधी पोटभर पाणी, मग तीन-चार दिवसांनी जागेवर.